काकाचा एक राहिलेला विषय

काकाला कोणी शिक्षण विचारलं, की मशीनच्या पोटातून डोकं वर न काढता तो सांगायचा, "इंजिनिअरिंग. एकच विषय राहिलाय." पुढच्या महिन्यात पेपर असावा, अशा थाटात. मी शाळेत जायला लागले तेव्हाही तो हेच सांगत होता आणि मी शाळा संपवून युनिव्हर्सिटीत गेले तेव्हाही हेच. तोवर त्याच्या कानांवरचे केस पिकले होते. नवं गिऱ्हाईक "अरे वा" म्हणायचं, जुनं गिऱ्हाईक गालात हसायचं, आणि माझे वडील तिथे असले तर त्यांना अचानक मागच्या खोलीत काहीतरी काम आठवायचं.

आमचं दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर एक पोटमाळा, अशा त्या जागेत आमचं सगळं कुटुंब मावलं होतं. दुकानात काउंटर, काउंटरच्या मागे लांबलचक टेबल, टेबलावर वायरला लोंबणारा दिवा, आणि स्क्रू, स्प्रिंगा, सुया यांचे डबे. मशीनच्या तेलाचा वास घराच्या उशांनासुद्धा यायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची की तुझ्या वेण्यांना कुरकुर करणाऱ्या दारासारखा वास येतो. दाराला तेल घातलं की ते कुरकुरत नाही, एवढी साधी गोष्ट तिला कळत नव्हती, आणि मी ती तिला चांगली फोडणी देऊन समजावून सांगितली होती. तेव्हापासून घरात माझं नाव टाचणी.

माझ्या जन्माआधी काउंटरवर आजोबा बसायचे. आजोबांना दोन आवाज होते. घरात ते इतक्या हळू बोलायचे, की आजीला दर वाक्याला "काय म्हणालात?" करावं लागायचं. पण गिऱ्हाईक दारात आलं की छाती पुढे यायची आणि वेगळाच खणखणीत आवाज लागायचा. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा बायका घरी शिवणकाम करणाऱ्या. मशीन बंद म्हणजे त्यांचं घर बंद. मशीन ठेवून जाताना त्यांचा जीव त्यात अडकलेला असायचा, दारापर्यंत जाऊन पुन्हा मागे वळून बघायच्या. मग आजोबा त्या खणखणीत आवाजात त्यांचं ठरलेलं वाक्य टाकायचे, "काळजी नको. आमच्याकडे आलेलं मशीन टाका घालूनच बाहेर पडतं." बाई सुटकेचा श्वास टाकून घरी जायची. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा उच्चारलं गेलं, की ते कोणासाठी म्हटलंय हे बघायचं राहूनच गेलं.

काका सगळ्यांत धाकटा. आकडेमोडीत हुशार. आजोबांनी त्याला लहानपणापासून दुकानाच्या बाहेर ठेवलं. माझे वडील शाळा सुटल्या सुटल्या टेबलापाशी बसले आणि बसले ते बसलेच, पण काकाने स्क्रू ड्रायव्हरला हात लावला तर आजोबा तो काढून घ्यायचे. "तुझं काम वर," म्हणायचे आणि पोटमाळ्याकडे बोट दाखवायचे. काका पोटमाळ्यावर अभ्यास करायचा, खाली ठोकाठोक चालायची. वडिलांनी त्याचं नाव 'प्रोफेसर' ठेवलं. त्यात निम्मं कौतुक होतं आणि निम्मी जळजळ, हे वडिलांनी स्वतःच मला नंतर सांगितलं. "मलाही वर बसायला आवडलं असतं," असंही म्हणाले. असल्या गोष्टी आमच्या घरातले लोक वेळेवर बोलतील तर शपथ.

काकाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आजोबांनी साधं बॉबिन घ्यायला आलेल्यालाही ती बातमी ऐकवली. आम्ही मशीन उघडणारे, आता घरात मशीन बनवणारा होणार, वगैरे वगैरे. एकच बातमी पुन्हा पुन्हा ऐकून लोक समोरच्या फुटपाथवरून जायला लागले, असं आजी सांगायची.

पहिली वर्षं बरी गेली. गाडं अडलं ते 'थिअरी ऑफ मशीन्स' या विषयापाशी. आता यात चेष्टा करण्यासारखं काय आहे ते मी वेगळं सांगायला नको. वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी काकाला सांगून टाकलं, "तुझे तर घरचेच मार्क." पोटमाळ्यावर वाढलेल्या मुलाने सुई खाली-वर होताना फक्त वरून पाहिली होती. आणि ज्यांनी जवळून पाहिली त्यांनाही फळ्यावरचं ते प्रकरण कळलं असतं असं नाही. तिथे मशीन नव्हतंच. नुसत्या रेषा, बाण, कोन, आणि कोणती दांडी कोणत्या क्षणी किती वेगाने फिरते याची गणितं. शिकवणाऱ्या मॅडम ठेंगण्या, बाहीला कायम खडूची पूड लागलेली, आणि बोलणं असं भरधाव, की काका वहीत एक बाण काढेपर्यंत फळा पुसलेला असायचा.

पहिल्या खेपेला तो त्या विषयात नापास झाला. घरी सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही, तर सांगणार काय? आमच्या घरात प्रोफेसर पास होणारच, हे दिवस उजाडण्याइतकं गृहीत होतं. पुढच्या वर्षी त्याने तोच विषय पुन्हा घेतला, पुन्हा त्याच मॅडम, आणि सत्राच्या मधल्या परीक्षेत जवळजवळ भोपळा.

मॅडमनी त्याला खोलीत बोलावलं. त्या खोलीतलं संभाषण काकाने मला पुढे शब्दन् शब्द सांगितलं. त्याला ते पाठ होतं.

"बस," मॅडम म्हणाल्या. "हे असंच चाललं तर तू या वेळीही जाणार. आणि सक्तीच्या विषयात दोनदा गेलेल्याचं नाव विभागातून कमी होतं, हे तुला माहीत आहे ना?"

काकाने मान हलवली.

"मग आत्ताच शहाणपणा कर. या आठवड्याअखेरीपर्यंत विषय ड्रॉप करता येतो. ड्रॉप केलास तर तो प्रयत्न धरत नाहीत. निकालपत्रावर एक अक्षर येतं, नापास येत नाही. पुढच्या वर्षी हाच विषय दुसरे सर शिकवणार आहेत. ते सावकाश शिकवतात. माझी गाडी पळते, मला ठाऊक आहे."

काका त्यांच्या बाहीवरच्या खडूकडे बघत राहिला.

"ड्रॉप करायचा नसेल तर दुपारी माझ्याकडे येऊन बस. मी असते इथे, कोणी येत नाही म्हणून पेपर तपासत बसते. नाहीतर तळघरातल्या खोलीत वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवायला बसतात, एक पैसा घेत नाहीत, तिथे जा. तेही नको असेल तर शाखा बदलण्याबद्दल बोलू. गणित तुझं चांगलं आहे. पण काहीतरी एक कर. काहीच न करता पेपरला बसू नकोस."

"करतो मी, मॅडम," काका म्हणाला.

"काय करतोस?"

"अभ्यास."

मॅडमनी कपाळाला हात लावला, तिथेही खडू लागला. "अरे, अभ्यास तू करतच होतास की. बरं, घरी विचारून तरी ये."

माझ्या मते मॅडमचं एवढंच चुकलं. सगळं नीट सांगितलं आणि शेवटी आमच्या घरी पाठवलं.

काकाला खरं तर विषय ड्रॉप करायचा होता. बसमध्ये त्याचं ठरलंही होतं. फक्त घरातून कोणीतरी "कर" म्हणायला हवं होतं. पण घरात विचारायचं कसं? आमच्याकडे भीती, लाज, मार्क, आजारपण, यांतलं कशाचंही नाव घेऊन बोलायची पद्धत नव्हती. सगळं बोलणं मशीनवरून. आजीचे गुडघे दुखायला लागले तर आजोबा म्हणणार, "तेल संपलंय वाटतं." वडिलांचं लग्न ठरत नव्हतं तेव्हा म्हणणार, "याच्या मापाची सुई बाजारात येईना." तेव्हा काकानेही तेच केलं. बसमधून उतरेपर्यंत त्याने आपला प्रश्न मशीनच्या भाषेत बसवून ठेवला.

तो दुकानात शिरला तेव्हा काउंटरपाशी एक बाई उभी होती. तिने जुनं मशीन काउंटरवर ठेवलं होतं, पण त्यावरचा हात काढला नव्हता. आधी दोन दुकानांनी नाही म्हटलेलं मशीन. ठेवू की नेऊ, अशा घोळात ती होती आणि आजोबा तिच्या डोळ्यांकडे बघत होते. काकाला यातलं काही दिसलं नाही. तो बिचारा आपलं पाठ केलेलं वाक्य सांभाळत आला होता, ते सांडायच्या आत त्याने ओतून टाकलं.

"बाबा, एखादं मशीन आपल्याला जमतच नसेल, खूप प्रयत्न करूनही जमत नसेल, तर ते परत दिलं तर चालतं का? किंवा दुसऱ्या कोणाला विचारलं तर?"

बाईने मशीनवरचा हात आणखी घट्ट केला. आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी छाती पुढे काढली.

"परत? परत द्यायचं असतं तर आत कशाला घेतलं असतं? आमच्याकडे आलेलं मशीन टाका घालूनच बाहेर पडतं. आणि दुसऱ्याच्या दारात विचारायला जायची वेळ आली ना, तर त्या दिवशी मी या दुकानाला कुलूप लावीन!"

आवाज रस्त्यापर्यंत गेला. बाईने हात काढला, मशीन ठेवलं आणि गेली. आजोबा खूश झाले. काका आत गेला, हातपाय धुतले आणि पोटमाळ्यावर चढला.

त्याने विषय ड्रॉप केला नाही. मॅडमच्या खोलीकडे फिरकला नाही, त्या समोरून आल्या तर जिन्याने वर जायचा. तळघरातल्या खोलीच्या दारापर्यंत एकदा गेला होता, आतून ओळखीचा हसण्याचा आवाज आला, तसाच परत फिरला. मशीनवाल्याचा मुलगा मशीनचा विषय शिकायला आला, हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. दुसऱ्याला विचारायचं नाही आणि हातचं सोडायचं नाही, एवढं धरून दात-ओठ खाऊन तो गणितं उतरवत राहिला. सोडवत नव्हता, उतरवत होता. निकाल लागला, बाकीचे सगळे विषय सुटले, हा एक राहिला आणि नाव कमी झालं.

घरी त्याने सांगितलं ते सकाळी, दुकान उघडायच्या आधी. आजी रडली. वडील म्हणाले, "अरे, पण तू तर वर बसून एवढा..." आजोबांनी घरातल्या आवाजात विचारलं, "काहीच मार्ग नव्हता?"

"नव्हता," काका म्हणाला.

मला या एका शब्दाचा राग येतो. आजही येतो. तिथे जरी तो भांडला असता, चार शब्द सुनावले असते, तरी त्याच दिवशी गाठ सुटली असती. पण आमच्या घरात फक्त मीच भांडते, आणि मी तेव्हा जन्मले नव्हते.

मग काका टेबलापाशी आला. आता त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घ्यायला कोणी आलं नाही. वडील त्याला शिकवायला लागले. बॉबिन केस कसं काढायचं, शटल कसं बसवायचं, टाका सुटत असेल तर आधी सुई बघायची, मगच बाकीचं. दुपारच्या वेळी शेजारच्या दुकानदारांनी येऊन काय प्रोफेसर, काय प्रोफेसर करून झालं. काका हसून साजरं करायचा.

काही आठवडे गेले असतील. एक भरतकामाचं मशीन वडिलांच्या हाताला काही केल्या वळेना. दोन दिवस झटापट करून शेवटी त्यांनी हात टेकले, मशीन जुन्या चादरीत गुंडाळलं, गाठ मारली आणि काकाला म्हणाले, "जा, हे पुलापलीकडच्या मिस्त्रींकडे टाकून ये. मागच्या दाराने जा."

"मिस्त्रींकडे? का?"

"का म्हणजे? जमत नाहीये म्हणून."

काकाला कळेना. "पण आपण दुसऱ्याकडे..."

वडील हसायलाच लागले. "अरे, मग 'मशीन हवा खायला गेलंय' असं आपण म्हणतो ते काय, बागेत फिरवून आणतो की काय त्याला? बाबांपासून चालत आलंय हे. आपल्याला भरतकामाचं जमत नाही, ते तिकडे जातं. मिस्त्रींना शटलचं जमत नाही, त्यांची मशीनं इकडे येतात. गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं? त्याला चालू मशीन मिळाल्याशी मतलब."

'हवा खायला गेलंय' हे शब्द काकाने लहानपणापासून ऐकले होते. त्याला वाटायचं, मशीन धुऊन पुसून वाळत ठेवतात, त्याला असं म्हणतात. पोटमाळ्यावरून मागचं दार दिसत नव्हतं.

तो स्टुलावर बसला. मांडीवर चादरीतलं ते मशीन. मग त्याने काउंटरच्या दिशेने बघून विचारलं, "बाबा, मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. जमत नसेल तर परत द्यायचं का, दुसऱ्याला विचारायचं का."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आजोबा घरातल्या आवाजात म्हणाले, "अरे, बाई उभी होती ना समोर. तिच्यासमोर असं कोणी विचारतं का? तिच्यासाठी बोललो मी ते."

"मी माझ्यासाठी विचारलं होतं."

"तुझ्यासाठी? तू तर मशीनबद्दल..."

"मला मशीन कुठे उघडता येत होतं, बाबा? मी कोणाबद्दल विचारणार?"

मग काकाने सगळं सांगितलं. मॅडम, खोली, ड्रॉप, तळघर, आठवड्याची मुदत, सगळं. वडील सांगतात, आजोबा ऐकत होते आणि काउंटरवरची एक सुई एकसारखी उचलत होते, खाली ठेवत होते. मग काकानेच विचारलं, "त्या बाईचं मशीन झालं का दुरुस्त?"

"झालं."

"आपल्याकडे?"

आजोबांनी मान खाली घातली. "तेही पुलापलीकडेच गेलं होतं."

काका उठला, मशीन उचललं आणि पुढच्या दाराने, काउंटरसमोरून, भर रस्त्याने निघाला. आजोबांनी त्याला अडवलं नाही.

त्यानंतर आजोबांनी ते वाक्य कधी उच्चारलं नाही. "बघतो, जमलं तर करतो," एवढंच म्हणायचे, तेही इतक्या हळू की गिऱ्हाईक "काय?" करायचं. काही बायका मशीन उचलून घेऊन जायच्या आणि चालत सरळ पूल ओलांडायच्या. धंदा बसला असं नाही, पण उभाही राहिला नाही. काकाशी ते जपून बोलायचे, फार जपून. पुन्हा प्रवेश मिळवण्यासाठी अर्ज करता येत होता, एक समिती असते, तिच्यापुढे जाऊन कारण सांगायचं. आजोबा स्वतः म्हणाले, "जा, मी येतो बरोबर. मी सांगतो माझ्यामुळे झालं." काका म्हणाला, "पुढच्या वर्षी जातो." पुढच्या वर्षी आजोबांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं आणि काउंटरही काकाच सांभाळायला लागला. त्याच्या पुढच्या वर्षी वडिलांचं लग्न झालं, मग मी झाले, मग आजोबा गेले. आमच्या घरात पुढच्या वर्षांची कधी टंचाई नव्हती.

काकाने लग्न केलं नाही. "आधी डिग्री," म्हणायचा. मुली सांगून येणंही हळूहळू थांबलं. कारागीर म्हणून तो बेताचाच होता, हे मी त्याची लाडकी असूनही सांगते. त्याच्या हातून झालेलं मशीन चालायचं, पण गिऱ्हाईक वडिलांनाच शोधायचं. त्याला स्वतःलाही टेबलापाशी कायमचं बसलोय असं वाटत नसावं. स्टुलाच्या कडेवर बसायचा, बस येईपर्यंत कोणी टेकतं तसा.

मी युनिव्हर्सिटीत गेले ती त्याच आवारात. माझी शाखा वेगळी, हिशेबाची. आणि माझंही घोडं अडलं, ते संख्याशास्त्रापाशी. मधल्या परीक्षेचे मार्क बघून मी पेपर घडी करून पिशवीच्या तळाशी टाकला. मीसुद्धा तोंडात गुळणी धरून बसले. दुसऱ्यांच्या गप्प बसण्यावर मी एवढं तोंडसुख घेते, पण स्वतःवर पाळी आली तेव्हा वेगळं काही सुचलं नाही. रक्त शेवटी त्याच घरातलं.

चार दिवसांनी काका टेबलावरून म्हणाला, "टाचणी, तू आज आईशी भांडली नाहीस."

"मूड नव्हता."

"कालही नाही भांडलीस. कोणता विषय?"

मी काहीतरी थाप मारणार होते. पण त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, उठला आणि भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. आमच्याकडे असं फक्त कोणी गेल्यावर करतात. आई आतून धावत आली, काय झालं म्हणून.

"काही नाही, वहिनी. हिच्याशी बोलायचंय." आणि मला म्हणाला, "हे बघ, मी मशीनबद्दल बोलत नाहीये, तुझ्याबद्दल बोलतोय. नीट ऐक."

मग त्याने मला सगळे मार्ग सांगितले. ड्रॉप म्हणजे काय, त्याची मुदत कशी बघायची, निकालपत्रावर काय येतं आणि काय येत नाही. सरांच्या खोलीत जाऊन बसायचं, सर मारत नाहीत. मोठी मुलं शिकवतात ती खोली कुठे आहे ते विचारायचं, आणि आतून कोणी हसलं तरी आत जायचं. "माझी गाडी पळते, मला ठाऊक आहे," हेसुद्धा त्याने सांगितलं, मॅडमच्या सुरात. इतकी वर्षं झाली होती, पण हे सगळं त्याने काल ऐकल्यासारखं सांगितलं. त्याच्याकडे ते होतं आणि त्याच्या काही कामाला आलं नव्हतं. मला रडू फुटलं. मी माझ्यासाठी रडतेय असं त्याला वाटलं, म्हणून तो मला समजावत बसला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर आला. इस्त्रीचा शर्ट घालून. मी चिडवलं, "माझ्या विषयाशी लग्न करायला निघालास का?" तर नुसता हसला. आम्ही सरांना भेटलो, विषय ड्रॉप केला, पुढच्या सत्रात कोण शिकवणार ते विचारून घेतलं. पुढे मी तो विषय पास झाले, ते काही मोठं सांगण्यासारखं नाही. पण त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला होता, आणि ऑफिसच्या खिडकीतून मागे वळताना मला फक्त घरी जाऊन जेवायचं होतं.

काका मात्र खिडकीपाशीच थांबला.

"बाई, एक विचारायचं होतं," तो आतल्या बाईंना म्हणाला. "जुना विद्यार्थी असेल, एकच विषय राहिला असेल, तर तेवढा एकच देता येतो का?"

तेव्हा मला तो इस्त्रीचा शर्ट कळला.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी नाव विचारलं, शाखा विचारली, वर्ष विचारलं. वर्ष ऐकून त्यांच्या भुवया उंचावल्या, पण हसल्या नाहीत. कॉम्प्युटरमध्ये शोधलं. मग आत कोणा मोठ्या साहेबांना विचारायला गेल्या. काका खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून उभा. नखांतलं तेल त्याने घासून घासून काढलं होतं, तरी थोडं राहिलंच होतं.

बाई परत आल्या. "हा विषय आता शिकवत नाहीत. तो अभ्यासक्रमच बंद झालाय. थोडा भाग डिझाइनमध्ये गेला, थोडा कॉम्प्युटरवर करतात."

"मग त्याच्या बदली दुसरा एखादा?"

"तशी सोय होती. जुन्या मुलांसाठी बदली विषय ठेवले होते काही वर्षं. त्याचीही मुदत संपली. आता द्यायचं तर पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्यावा लागेल."

काकाने कट्ट्यावरचे हात काढून घेतले. "म्हणजे मी आता नापासही नाही?"

"नाही, ते तसंच राहतं. नापासचा शेरा काढता येत नाही."

"आणि पास व्हायचं असेल तर?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "पास व्हायला विषय हवा ना, काका."

मागे रांग लागली होती. काका बाजूला झाला आणि पुन्हा खिडकीत वाकला. "ती बदली विषयाची सोय होती म्हणालात, ती कुठे कळवली होती?"

"इथेच की. समोर नोटीस लावली होती," बाईंनी भिंतीवरच्या फळ्याकडे हात केला. "वर्षभर होती लावलेली."

आमच्या घरापासून तो फळा बसने एका तिकिटाच्या अंतरावर. काका त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. फळ्यावर हॉस्टेलच्या खोल्या होत्या, हरवलेल्या छत्र्या होत्या, कुठल्याशा परीक्षांच्या तारखा होत्या, त्याच्याशी संबंध असलेलं काहीही नव्हतं. तो वरच्या कोपऱ्यापासून एकेक कागद वाचायला लागला. मी त्याचा हात धरला. "काका, चल ना. यात आता काही नाहीये."

"थांब गं," तो म्हणाला. "एकदा वाचून तरी घेऊ दे."